टाकीच्या टेकडीवरची सत्तेचाळीस दारं

वकीलसाहेबांच्या ती पहिल्यांदा लक्षात राहिली ती पहिल्याच बैठकीत, आणि तीसुद्धा जरा रागानेच.

बैठक एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात होती. निवडणुकीपुरतं ते दुकान प्रचाराचं कार्यालय झालं होतं. भिंतींवरच्या रिकाम्या फळ्यांवर सहा, सात, आठ, नऊ असे मापांचे आकडे अजून चिकटलेले होते. गिऱ्हाइकाला पायातला जोडा दिसावा म्हणून जमिनीलगत लावलेला तिरका आरसाही तसाच होता. बसायला दुकानातलीच बुटकी स्टुलं. एकतीस माणसं त्या स्टुलांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि समोरच्या भिंतीवर वॉर्डाचा नकाशा उजळला होता.

नकाशा इंटरनेटवरचा, ज्याला त्याला आपल्या फोनवर उघडता येईल असा. वकीलसाहेबांनी आठवडाभर खपून त्यावर चौकोन आखले होते. साठेक दारांचा एक चौकोन, एका चौकोनाला दोन माणसं. प्रत्येक दाराचा एक पांढरा ठिपका. दार वाजवून आलं की ठिपक्याला रंग द्यायचा. मत आपलं असेल तर हिरवा, दुसऱ्याचं असेल तर लाल, माणूस कुंपणावर बसलेला असेल तर पिवळा आणि दाराला कुलूप असेल तर करडा. एखादं दार दोनदा करडं झालं की ते सोडून द्यायचं. तिसऱ्यांदा तिथे कोणी जाणार नाही, कारण माणसं थोडी आणि दिवस त्याहून थोडे.

"काही शंका?" वकीलसाहेबांनी विचारलं. शंका नसणार याची खात्री असलेला माणूस विचारतो तसं.

मागून एक बाई म्हणाली, "साहेब, तो सातवा चौकोन."

"त्याचं काय?"

"त्यात चौसष्ट दारं आहेत हे बरोबर. पण दोनशे सोळा पायऱ्याही आहेत. उतरायच्या वेगळ्या."

लोक हसले. वकीलसाहेबांनी चष्मा वर केला. पन्नाशी ओलांडलेली, बारीक बांध्याची बाई. एकटी तीच स्टुलावर न बसता फळीला टेकून उभी होती.

"नकाशावर पायऱ्या कुठे दिसल्या तुम्हाला?"

"नाही ना दिसत. म्हणूनच सांगतेय. नकाशा वरून काढलेला आहे. वरून सगळ्यांची गच्चीच दिसते. टाकीच्या टेकडीवर चार इमारती, प्रत्येकीला तळमजला धरून चार मजले, लिफ्ट एकीलाही नाही. तुमचे ठिपके एकावर एक बसलेत."

"तुम्ही मोजल्यात का पायऱ्या?"

"मोजायला कशाला जाऊ? चढलेय. दर महिन्याला, सत्तावीस वर्षं."

तिला खाली बसवत नव्हतं म्हणून ती उभी होती, हे वकीलसाहेबांना नंतर कळलं. बुटक्या स्टुलावर बसलेलं माणूस उठताना गुडघ्यांवर उठतं, आणि तिचे गुडघे तिने वीज कंपनीला देऊन टाकले होते.

ती वीज कंपनीत मीटर वाचायची. सगळी वस्ती तिला मीटरबाई म्हणे आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तेच म्हणत होती. तिच्या नवऱ्यालासुद्धा लोक "मीटरबाईंचे मिस्टर" म्हणूनच ओळखत. त्याचं त्याला काही वाटत नसे. "मीटर तिचं, बिल माझं," एवढंच तो म्हणायचा.

मीटर वाचणं म्हणजे काय काम आहे, असं लांबून वाटतं. पण त्या कामात एक मोठा मोह असतो, आणि ते करणाऱ्याला तो रोज होतो. चार जिने चढून वर जायचं, मान वाकडी करून अंधाऱ्या कोपऱ्यातला आकडा टिपायचा, त्यापेक्षा खालीच सावलीत बसावं, मागच्या महिन्याचा आकडा बघावा आणि त्यात अंदाजाने शंभर-सव्वाशे घालून मोकळं व्हावं. नाहीतर सरळ "कुलूप" लिहावं. मग कंपनी आपोआप सरासरी बिल पाठवते. कोण बघायला येतंय? तिच्याबरोबरचे बरेचजण असं करत. याला ते "बसलं रीडिंग" म्हणत. मीटरबाईने सत्तावीस वर्षांत एकही बसलं रीडिंग टाकलं नव्हतं. हे ती कोणाला सांगत नसे. शाळेत एखादं मूल कधीच कॉपी करत नाही आणि त्याचा गाजावाजाही करत नाही, त्यातलाच प्रकार. तिला पुरस्कार मिळाला नव्हता, बढती मिळाली नव्हती. ही एक गोष्ट मात्र होती, आणि ती तिची स्वतःची होती.

प्रचारात ती पडली तीही जिन्यापायीच. उमेदवार होती वस्तीत वीस वर्षं दवाखाना चालवणारी डॉक्टरीणबाई. मीटरबाईच्या आईच्या शेवटच्या आजारात ती चौदा वेळा घरी आली होती. मीटरबाईचं घर दुसऱ्या मजल्यावर, छत्तीस पायऱ्या. चौदाही वेळा डॉक्टरीणबाई वर येऊन दम खात म्हणाली, "जिना बरा आहे हो तुमचा." बाकी राजकारणातलं मीटरबाईला फार कळत नव्हतं. जी बाई जिना चढून येते तिच्यासाठी आपण चार दारं वाजवावीत, इतकाच तिचा विचार. पण दारं वाजवणं आता तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं.

वकीलसाहेब तापट खरे, पण शहाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "बाई, हा नकाशा आता तुमचा. पायऱ्या घाला, कुत्री घाला, काय घालायचं ते घाला."

तिने खरंच घातलं. नकाशावर तिने आणखी एक थर चढवला आणि त्याला नाव दिलं "जिने". प्रत्येक इमारतीवर पायऱ्यांचा आकडा. कुठे दार मागच्या अंगाला आहे, कुठे बेल बिघडली आहे, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं न भुंकता येतं. वकीलसाहेबांचे सरळ चौकोन मोडून तिने वेडेवाकडे तुकडे केले. दिसायला ते ठिगळांसारखे दिसत, पण चालणाऱ्याला चढ एकदाच लागे, तोही सुरुवातीला, अंगात दम असताना.

माणसं वाटून देण्याची तिची रीत तर जगावेगळी होती. सकाळी लोक आले की ती त्यांच्या तोंडाकडे बघतच नसे. ती बघायची तो जमिनीलगतचा आरसा. त्यात नुसते पाय दिसत. तोंड काय, "मी एकदम ठणठणीत" म्हणतं. पाय तसं बोलत नाहीत. कोण टाच उचलून चालतोय, कोणाची चप्पल एका बाजूने झिजलीय, कोणाचा घोटा सुजलाय, हे बघून ती ठरवायची, आज हा मांजर की बदक. मांजरांना जिने, बदकांना सपाट रस्ता.

"मावशी, आज मी काय?" टेम्पोवाला दारातूनच विचारायचा. चाळिशीचा, आडव्या अंगाचा, तोंडाने फटकळ. दुपारपर्यंत माल पोचवायचा आणि मग प्रचाराला यायचा.

"तू बदक."

"कालपण बदक होतो!"

"पायाच्या अंगठ्याला पट्टी कोणी बांधलीय मग? मी?"

"आरशात बघून भविष्य सांगते ही बाई," तो सगळ्यांना ओरडून सांगायचा आणि सपाट रस्त्याची यादी घेऊन जायचा.

एका माणसापुढे मात्र तिची ही रीत चालत नसे. ते म्हणजे शिंपीमास्तर.

मास्तर एकाहत्तर वर्षांचे. बायको गेलेली, मुलगा लांबच्या शहरात. मीटरबाईची आणि त्यांची ओळख तिच्या नोकरीइतकी जुनी. तिच्या फेरीत त्यांचं दुकान बरोबर मध्यावर यायचं. तिथे ती पाणी प्यायची, आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तुटला की मास्तर हातातलं काम बाजूला ठेवून तो शिवून द्यायचे. सत्तावीस वर्षांत तिने चार पिशव्या वापरल्या. पट्टे अकरा.

मास्तर प्रचारात सगळ्यांपेक्षा कामाचे, कारण अर्ध्या वस्तीची मापं त्यांच्या डोक्यात होती. माणसांची नावं विसरत, मापं नाही. संध्याकाळी परत येऊन ते मीटरबाईला सांगायचे, "लिही. कोपऱ्यावरचं घर, छाती बेचाळीस, मत आपलं. त्याच्या शेजारचा, डावा खांदा उतरता, तो दुसरीकडे जाणार. त्याच्या बापाचापण खांदा तसाच होता." मीटरबाई हसत हसत ठिपके रंगवायची.

टाकीच्या टेकडीवर त्यांची सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं. "तो चौकोन मला द्या," ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

"देते, देते," ती म्हणायची.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मास्तर कार्यालयाच्या तीन पायऱ्या चढून आले आणि तिसरीवरच बसले. डाव्या हाताचा दंड उजव्या हाताने घट्ट धरलेला. चेहरा पांढराफटक. दुकानात तेव्हा दोघंच होती. मीटरबाई पाण्याचा ग्लास घेऊन धावली, म्हणजे तिला जमेल तशी.

"डॉक्टरीणबाईंना बोलावते."

"बोलावलंत तर माझ्या दुकानाची पायरी चढू नका पुन्हा." दम खात खात त्यांनी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी एकदा असंच झालं होतं, दवाखान्यात आठ दिवस राहावं लागलं. "मुलाला कळलं तर तो मला घेऊन जाईल. तिथे त्याच्याकडे एक खुर्ची आहे. खिडकीजवळ. त्या खुर्चीत बसवून ठेवील मला, कुंडीसारखं. कोणाला सांगू नका. शब्द द्या."

तिने शब्द दिला. द्यायला नको होता, हे तिला तेव्हाही कळत होतं.

त्या दिवसापासून मास्तरांच्या फोनवरच्या यादीत फक्त तळमजले येऊ लागले. टाकीच्या टेकडीवरची सोळा तळमजल्याची दारं तिने त्यांना दिली, टेम्पोवाला त्यांना टेकडीवर वाहनाने सोडून आला, आणि मास्तर खूश झाले. वरच्या तीन मजल्यांवर अट्ठेचाळीस दारं. त्यातलं एक टेम्पोवाल्याच्या मेव्हण्याचं, ते त्याने जाता जाता हिरवं करून टाकलं. राहिली सत्तेचाळीस.

ती सत्तेचाळीस दारं कोणाला द्यायची हा प्रश्न होता, कारण मांजरं संपत चालली होती. एकतीस माणसांची अकरा झाली. कोणाची परीक्षा आली, कोणाची सासू आली, दोन नर्सना दुहेरी पाळी लागली. जे उरले ते थकले होते. दार वाजवायचं, हसायचं, तेच बोलायचं, तेच ऐकायचं. "निवडणूक आली की बरी आठवण होते आमची." "ठेवा तिथे कागद." काही ठिकाणी आतून टीव्हीचा आवाज बारीक होई आणि दार काही उघडत नसे. संध्याकाळी आरशात अकरा माणसांचे बावीस पाय फरफटत येताना दिसत. मीटरबाई जागची हलत नव्हती, तरी सगळ्यांचा थकवा तिच्याच गुडघ्यांत उतरल्यासारखा झाला होता. दिवसभर ती फोन करायची, आणि दिवसभर लोक तिला आज यायला का जमणार नाही ते सांगायचे.

"बाई, तेवढी टेकडी पांढरी का अजून?" वकीलसाहेब रोज विचारत.

"माणूस मिळाला की करते."

मतदानाला पाच दिवस राहिले तेव्हा मास्तर सकाळी फोन नाचवत आले. "हे बघा. टेकडी पांढरी! मी तळमजले संपवले तेव्हा मला वाटलं वरचं कोणी केलं असेल. उद्या मी करतो सगळी."

"उद्या नर्सबाई येणारेत, त्या करतील."

"त्या परवापण येणार होत्या. मला ते पांढरं बघवत नाही हो. टाका सुटल्यासारखं वाटतं. उद्या सकाळी आठला मी तिथे."

मास्तरांनी एकदा म्हटलं की ते आठ म्हणजे आठलाच जाणार. दोनशे सोळा पायऱ्या. मीटरबाईने आरशात पाहिलं. मास्तरांच्या चपलेचे पट्टे सुजलेल्या घोट्यांत रुतले होते.

दुपारी दोनला दुकान रिकामं होतं. बाहेर ऊन, आत पंख्याचा आवाज. तिने नर्सना फोन केला, उचलला नाही. आणखी तिघांना केला. एकाने उद्या म्हटलं, एकाने बघतो म्हटलं, एकाने "अहो, माणसं आहोत आम्ही" म्हटलं. ते खरंच होतं.  मग तिने टेकडी मोठी केली, पहिल्या इमारतीचा पहिल्या मजल्याचा ठिपका दाबला आणि करडा रंग दिला. कुलूप. खाली कालची तारीख. पुन्हा दाबला. कुलूप, आजची तारीख. दोनदा करडा झाला म्हणजे तिथे आता कोणी जाणार नाही. मास्तरही नाहीत.

सत्तेचाळीस ठिपके. अर्धा तास लागला. बसल्या जागी.

घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "अगं, पायऱ्यांवर तीनदा बसलीस आज. दुखतंय का जास्त?"

"नाही," ती म्हणाली. "थकलेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मास्तर टेकडीवर गेले नाहीत. कार्यालयात आले, आणि दारातूनच त्यांचा आवाज चढला. वकीलसाहेब तिथेच होते, टेम्पोवाला कागदाचे गठ्ठे उतरवत होता.

"वकीलसाहेब, हे कोणाचं काम आहे ते मला सांगा! तिसऱ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर डावीकडे कुलूप, दोनदा. त्या घरातली बाई दोन वर्षं अंथरुणावर आहे. कुशीवर वळायला तिला माणूस लागतं. ती कुलूप लावून गेली कुठे? नाचायला?"

वकीलसाहेबांनी फोन हातात घेतला. "हे सगळंच करडं झालंय. काल तर पांढरं होतं." त्यांनी वर पाहिलं. "टेकडीवर वरच्या मजल्यांवर आतापर्यंत कोण गेलंय?"

 मग मास्तर म्हणाले, "हा गेला होता. मेव्हण्याकडे."

टेम्पोवाल्याने गठ्ठा खाली ठेवला.  "मास्तर, मी... मी चहा फुकट प्यायलो असेन इथे. उशिरा आलो असेन. पण न जाता गेलो म्हणून लिहिलं नाही कधी. मावशी, तुम्ही सांगा की ह्यांना. तुमच्यासमोर रोज लिहितो मी."

तो तिच्याकडे बघत होता. सगळेच तिच्याकडे बघत होते, कारण नकाशा तिचा होता आणि तिचा शब्द शेवटचा. मीटरबाईने आरशात पाहिलं. सवयच ती. टेम्पोवाल्याच्या अंगठ्यावर नवी पट्टी होती.

"त्याने नाही टाकलं," ती म्हणाली. "मी टाकलं."

"म्हणजे?"

"बसलं रीडिंग. काल दुपारी. सत्तेचाळीसही. कोणी गेलं नव्हतं तिथे."

वकीलसाहेबांना राग यायला हवा होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते निराळंच. "पण का, बाई? तुम्ही?"

ते "तुम्ही" तिला सगळ्यात जास्त लागलं. कारण सांगायचं तर मास्तरांचा दंड सांगावा लागला असता, तिसरी पायरी सांगावी लागली असती, आणि तिने शब्द दिला होता. ती म्हणाली, "थकले होते, साहेब."

तेही खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं, आणि अर्धा आकडा लिहायची तिला कधी सवय नव्हती.

"थकले तर सगळेच आहेत," वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले आणि लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला.

टेम्पोवाला बाहेर गेला. मास्तर आपल्या फोनमध्ये मान घालून बसले होते. बोट खाली, वर, परत खाली. आपल्या आधीच्या सगळ्या याद्या ते एक एक करून बघत होते.

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. नवऱ्याला सगळं सांगितलं; त्याच्यापासून काही लपवायची तिला कला नव्हती. त्याने ऐकून घेतलं. "सत्तावीस वर्षांत एक," तो म्हणाला. "चांगली सरासरी आहे."

"एक नाही. सत्तेचाळीस."

"बरं, सत्तेचाळीस." थोड्या वेळाने तो उठला आणि माळ्यावरून तिच्या आईची काठी काढून आणली. "उद्या लवकर निघ. ऊन व्हायच्या आत."

तिने जाणार असल्याचं त्याला सांगितलंच नव्हतं.

सकाळी साडेसातला ती टेकडीवर पहिल्या इमारतीपाशी पोचली तेव्हा तळाच्या कट्ट्यावर मास्तर बसलेले होते. गळ्यात मापाची टेप. ती ते सुट्टीच्या दिवशीसुद्धा काढत नसत.

"या," ते म्हणाले. "मी रात्रभर विचार करतोय, माझी सगळी गिऱ्हाइकं एकदम तळमजल्यावर राहायला कशी आली?"

तिने काठी कट्ट्याला टेकवून ठेवली.

"मला न विचारता माझं माप कमी केलंत."

"कापडच कमी होतं, मास्तर."

"ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं असतं. कापून झाल्यावर नाही." त्यांचा आवाज दुखावलेला होता.  मग ते म्हणाले, "वकिलांना मी काल सांगितलं. दंडाचं. तुम्ही शब्द दिला होता, मी नव्हता दिला. आणि त्या टेम्पोवाल्याची माफी मागितली. तो म्हणतो, एक शर्ट शिवून द्या. लेकाची छाती अठ्ठेचाळीस आहे, दोन शर्टांचं कापड लागेल."

मीटरबाईला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. तिने काठी रोवली आणि पहिली पायरी चढायला वळली.

"थांबा," मास्तर म्हणाले. "तुम्ही आपल्या दोघांपैकी एकाचा जीव घेणार आहात. चढायचंच कशाला? चाळीस वर्षं मी यांना खालून हाका मारून कपडे नेऊन दिलेत." आणि ते अंगणाच्या मध्यावर उभे राहिले, तोंडाशी हाताचा कर्णा केला आणि ओरडले, "अहो, बाह्या आखूडवाले! खिडकीत या!"

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. "मास्तर? आज सकाळी सकाळी?"

"मत कोणाला?"

"हे असं चौकात विचारतात का?"

"मग खाली या, कानात सांगा!"

खिडक्या उघडत गेल्या. कोणी हसलं, कोणी चिडलं, कोणी खाली येऊन खरोखर कानात सांगून गेलं. मीटरबाई कट्ट्यावर बसून आपल्या फोनवर ठिपके रंगवत होती. प्रत्येक ठिपक्याला आधी करडा पुसायचा, मग खरा रंग. साडेदहापर्यंत अडतीस झाले. नऊ दारांच्या खिडक्या उघडल्या नाहीत. त्या नऊसाठी ती चढली. काठी आधी, मग डावा पाय, मग उजवा, मध्ये बसून, मास्तर खालून दर मजल्याला ओरडून विचारत, "आहात ना?" आणि ती ओरडून सांगे, "आहे, आहे!"

तिसऱ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पलंगावर एक म्हातारी बाई. तिने मान न वळवता म्हटलं, "मीटर जिन्यात आहे."

"ठाऊक आहे. उजव्या हाताला, वरचं. मी मताचं विचारायला आलेय, आजी."

"मला?" आता मान वळली. "माझं नाव आहे यादीत अजून?"

"आहे की."

म्हातारी म्हणाली, "दोन वर्षांत कोणी मला काही विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारतात." मग म्हणाली, "असं झटकन नाही सांगणार. कोण कोण उभं आहे ते सांग आधी. बस ना."

मीटरबाई खुर्चीत बसली. सगळ्या उमेदवारांची माहिती सांगितली, विरोधातल्यांचीसुद्धा, जेवढी तिला होती तेवढी. म्हातारीने प्रश्न विचारले. शेवटी म्हणाली, "विचार करते." मीटरबाईने पिवळा ठिपका टाकला आणि चोपन्न पायऱ्या उतरली. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मतदानाच्या दिवशी टेम्पोवाला आणि त्याचा मेव्हणा यांनी त्या म्हातारीला खुर्चीसकट खाली आणलं. मत कोणाला दिलं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. उलट, खुर्ची नीट धरत नाहीत म्हणून दोघांना वाटेत झापलं.

डॉक्टरीणबाई सहाशे बारा मतांनी हरली. निकालानंतर वकीलसाहेब मीटरबाईला मुद्दाम म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. ती सत्तेचाळीस दारं सगळी करडी राहिली असती, तरी काही फरक पडला नसता." त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. तिला त्याने बरं वाटलं नाही. ती फक्त "हो साहेब" म्हणाली.

चपलांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. तो आरसा त्यांनी काढून टाकला. मास्तरांचा मुलगा येऊन गेला; मास्तर त्याच्याबरोबर गेले नाहीत, गोळ्या मात्र वेळेवर घेतात, आणि टेम्पोवाल्याच्या शर्टाचं कापड अजून बेतलेलं नाही. नकाशा कोणी पुसला नाही, त्यामुळे मीटरबाईच्या फोनवर तो अजून उघडतो. टाकीच्या टेकडीवर त्यात एकच करडा ठिपका आहे, चौथ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. त्या दाराला खरोखरच कुलूप आहे. ती दोनदा जाऊन आली.

ती स्वतः अजून दुसऱ्या मजल्यावरच राहते. छत्तीस पायऱ्या आहेत. मध्ये एकदा बसते.